बोली मालकांची, बोलणे कोणाचे?

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडागारावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव केला आणि एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या सामन्यात आग्र्याच्या दीप्ती शर्माने ५८ धावा काढल्या आणि ३९ धावांत पाच गडी बाद केले. संपूर्ण स्पर्धेत २२ बळी आणि २१५ धावा अशी कामगिरी करणारी दीप्तीच स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. नव्या मुंबईच्या रस्त्यांवर त्या रात्री जो जल्लोष झाला, त्यात तिच्या नावाचा जयघोष होताच. चारच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, महिला प्रीमियर लीगच्या पाच संघांनी पुढील मोसमासाठी राखून ठेवलेल्या खेळाडूंच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. यूपी वॉरियर्सच्या यादीत दीप्तीचे नाव नव्हते. २०२५ च्या मोसमात ती याच संघाची कर्णधार होती.

संघाच्या कारभाऱ्यांची बुद्धी भ्रष्ट झाली होती काय? मुळीच नाही. त्यांनी जे केले ते त्यांच्या व्यवसायाच्या दृष्टीने चोख होते, आणि म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे आहे. प्रत्येक संघाला खर्चासाठी १५ कोटींची मर्यादा होती. जुने खेळाडू राखायचे तर त्यांचे दर आधीच ठरलेले होते: पहिल्या खेळाडूसाठी साडेतीन कोटी, दुसऱ्यासाठी अडीच, तिसऱ्यासाठी पावणेदोन, चौथ्यासाठी एक कोटी आणि पाचव्यासाठी पन्नास लाख. ही रक्कम मर्यादेतून वजा होणार. यूपीच्या कारभाऱ्यांनी श्वेता सेहरावत ही एकच खेळाडू पन्नास लाखांत राखली आणि साडेचौदा कोटी शिल्लक ठेवून ते लिलावाला आले. सोडलेल्या खेळाडूंवर इतरांनी बोली लावली, तर त्या बोलीशी बरोबरी करून खेळाडू परत मिळवण्याचा हक्क, ज्याला ‘राइट टू मॅच’ म्हणतात, तोही त्यांच्या हाती होता.

२७ नोव्हेंबरला दिल्लीत लिलाव झाला. दीप्तीची मूळ किंमत पन्नास लाख होती. दिल्ली कॅपिटल्सने तेवढीच बोली लावली आणि दुसरा कोणताही संघ पुढे आला नाही. यूपीने आपला हक्क सांगितला. नियमाप्रमाणे दिल्लीला बोली वाढवण्याची एक संधी मिळाली. त्यांनी आकडा ३ कोटी २० लाखांवर नेला, आणि यूपीने तो मान्य केला. जिला राखण्यासाठी साडेतीन कोटी मोजावे लागले असते, ती ३० लाख कमी देऊन परत आली. कारभाऱ्यांच्या दृष्टीने हिशेब जमला.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून पाहावा. पन्नास लाख आणि तीन कोटी वीस लाख या दोन आकड्यांमध्ये काही क्षणांचे अंतर होते. त्या क्षणांत दीप्तीची फिरकी अधिक वळू लागली नव्हती, की तिची फलंदाजी सुधारली नव्हती. दिल्लीच्या मेजावरील मंडळींनी आकडा चढवला नसता, तर विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडू पन्नास लाखांतच यूपीकडे परतली असती. म्हणजे जिला आपण ‘खेळाडूची किंमत’ म्हणतो, ती तिच्या गुणांची किंमत नसते. कोणत्या मेजावर किती पैसा शिल्लक आहे आणि कोणत्या संघात कोणती जागा रिकामी आहे, यावर ती ठरते. आणि या सर्व व्यवहारात एका व्यक्तीला काहीही विचारले गेले नाही. ती व्यक्ती म्हणजे जिच्याविषयी हा व्यवहार चालला होता ती.

एक मोसम संपून दुसरा सुरू होईपर्यंतचे महिने प्रेक्षकाला रिकामे वाटतात. प्रत्यक्षात आजच्या व्यावसायिक खेळात सामने जिंकण्याचे निम्मे काम याच महिन्यांत होते. कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोणाची अदलाबदल करायची, लिलावात कोणासाठी किती ताणायचे, याची आखणी करणारा एक नवा वर्ग आपल्याकडे उदयास आला आहे. हे काम सोपे नव्हे आणि त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. २०१३ साली गुजरातच्या एका अनोळखी, विचित्र शैलीच्या गोलंदाजाला देशांतर्गत सामन्यात पाहून जॉन राइट यांनी मुंबई इंडियन्ससाठी हेरले. तोच जसप्रीत बुमराह. अशी पारखी नजर ही समाजाच्या उपयोगाची गोष्ट आहे. मुंबई इंडियन्सचे सरावाचे मैदान घणसोलीत आहे. लीगच्या उभारणीत नव्या मुंबईचा वाटा केवळ सामन्यांचे यजमानपद एवढाच नाही. प्रश्न कारभाऱ्यांच्या कौशल्याचा नाहीच. ते ज्या नियमांच्या पटावर हे कौशल्य दाखवतात, तो पट कोणी आखला, हा आहे.

या पटावरील एकतर्फीपणा स्पष्ट आहे. खेळाडूचा करार पुढे चालवायचा की त्याला मुक्त करायचे, हे संघ ठरवतो. त्यासाठी त्याला कारण द्यावे लागत नाही. उलट पुरुषांच्या लीगमध्ये विदेशी खेळाडूने लिलावात निवड झाल्यावर ग्राह्य कारणाशिवाय माघार घेतली, तर त्याच्यावर दोन मोसमांची बंदी येते. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर २०२५ मध्ये ती आलीही. करार मोडण्याला शिक्षा असावी, हे तत्त्व मान्य करू. मग ते दोन्ही पक्षांना लागू नको काय? आणखी एक उदाहरण घ्या. १६ डिसेंबर २०२५ रोजी अबू धाबीच्या लिलावात कोलकात्याने ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून ग्रीनसाठी २५ कोटी २० लाखांची बोली लावली. पण नियमानुसार विदेशी खेळाडूच्या हाती जास्तीत जास्त १८ कोटीच पडणार. वरचे ७ कोटी २० लाख नियामक मंडळाकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी म्हणून. कल्याण ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्यांचे कल्याण करायचे त्यांचा एकही निवडून दिलेला प्रतिनिधी हा नियम करताना उपस्थित नव्हता.

कोणी म्हणेल, कोट्यधीशांसाठी समाजवाद्यांनी अश्रू का ढाळावेत? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट, कोट्यधीश मूठभर आहेत. दिल्लीच्या त्या लिलावात २७७ खेळाडूंची यादी होती आणि जागा होत्या ७३. दोनशेहून अधिक मुली त्या दिवशी रिकाम्या हाताने राहिल्या. ज्यांची निवड झाली त्यांतही दहा लाखांच्या मूळ किमतीवर समाधान मानणाऱ्या होत्या. आणि पुढच्या वर्षी त्यांना ठेवले जाईल याची हमी कोणी दिलेली नाही. एखाद्या मुलीचा गुडघा दुखावला, एक मोसम वाया गेला, की तिचे नाव यादीतून गळते. देशांतर्गत क्रिकेट खेळणाऱ्या महिलांचे मानधन डिसेंबर २०२५ पर्यंत अंतिम अकरांतील खेळाडूला दिवसाला वीस हजार रुपये होते. विश्वचषक जिंकल्यावर मंडळाने ते पन्नास हजार केले. वाढ स्वागतार्ह आहे. पण ती विजयाच्या आनंदात मिळालेली बक्षिसी आहे, वाटाघाटीने मिळवलेला हक्क नव्हे. आणि या दोहोंतील फरक कामगार चळवळीच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट, मिळकतीचा आकडा कितीही मोठा असो, तो कोणत्या एकूण रकमेतून आला हे विचारल्याशिवाय न्यायअन्याय ठरत नाही. पुरुषांच्या लीगचे प्रसारणहक्क २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. सरासरी वर्षाला ९,६७८ कोटी. २०२५ च्या मोसमासाठी दहा संघांना खेळाडूंवर प्रत्येकी १२० कोटी खर्चाची मर्यादा होती. सर्व मिळून १,२०० कोटी. प्रमाण काढले तर साडेबारा टक्क्यांनाही किंचित कमीच भरते. त्याच वर्षी सुरू झालेले प्रतिसामना साडेसात लाखांचे मानधन धरले तरी ते चौदा टक्क्यांच्या आत राहते. आणि या हिशेबात तिकिटे व प्रायोजक यांचे उत्पन्न अजून मोजलेलेच नाही.

साडेबारा टक्के! नव्या मुंबईत हा आकडा कोणाला अपरिचित आहे? १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे करण्याचे ठरले. ज्यांची शेते गेली, मिठागरे गेली, त्यांना विकासात वाटा असावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून विकसित भूखंडांच्या साडेबारा टक्क्यांचे तत्त्व मिळाले. जमीन आणि खेळाडूचे श्रम यांची तुलना मी करीत नाही. उपाशी राहिलेल्या शेतकऱ्याचे दुःख आणि क्रिकेटपटूची तक्रार एका तराजूत घालणे हा हुतात्म्यांचा अवमान ठरेल. पण त्या लढ्याने शिकवलेले तत्त्व सर्वत्र लागू आहे: ज्याच्या जिवावर संपत्ती उभी राहते त्याला किंमत देऊन बाजूला करता येत नाही, वाढलेल्या मूल्यात त्याचा ठरलेला वाटा असावा लागतो. तेथे साडेबारा टक्के लढून मिळाले आणि कागदावर आले. येथे जे काही टक्के पडतात ते मालकांनी व मंडळाने आपसांत ठरवलेल्या मर्यादेचा योगायोग आहे. उद्या ते दहावर आले तर दाद कोणाकडे मागायची?

महिलांच्या लीगचे प्रमाण याहून बरे आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिचे प्रसारणहक्क पाच वर्षांसाठी ९५१ कोटींना गेले आणि पाच संघांची एकत्रित मर्यादा ७५ कोटींची आहे. परंतु तेथे प्रमाण मोठे दिसते ते प्रसारणाची रक्कम अजून लहान असल्यामुळे. नेरूळच्या त्या रात्रीनंतर ती लहान राहणार नाही. ती वाढेल तेव्हा वाटा टिकेल काय, हे ठरवण्याची वेळ आज आहे. बाजार भरून गेल्यावर नव्हे.

मोसमाबाहेरच्या संघबांधणीचे शास्त्र अमेरिका आणि कॅनडात बर्फावरील हॉकीच्या लीगमध्ये फार पूर्वी विकसित झाले. तेथे ‘जनरल मॅनेजर’ हे पद प्रशिक्षकाहूनही वजनदार असते. त्या लीगचा इतिहास आपण वाचला पाहिजे, कारण आज आपण जेथे आहोत तेथे ते सत्तर वर्षांपूर्वी होते. १९५७ साली डेट्रॉइट संघाचा नामांकित खेळाडू टेड लिंडसे याने सहकाऱ्यांना एकत्र करून संघटना स्थापण्याचा प्रयत्न केला. डेट्रॉइटचे जनरल मॅनेजर जॅक ॲडम्स यांनी त्याला शिकागो संघाकडे धाडून दिले. संघबांधणीचा अधिकार हा संघटना मोडण्याचे हत्यार कसा होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. गिरणीत चळवळ्या कामगाराची पाळी बदलावी किंवा त्याला दुसऱ्या खात्यात टाकावे, तशातलाच हा प्रकार.

पण गोष्ट तेथे संपली नाही. १९६७ साली खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि टिकली. २००४-०५ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. संपूर्ण मोसम रद्द झाला. वेतनावर मर्यादा आणण्यात मालक यशस्वी झाले, हे खरे. परंतु ती मर्यादा कराराने आली, उत्पन्नाशी जोडून आली. २०१२-१३ मधील आणखी एका टाळेबंदीनंतरच्या करारात खेळापासून होणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा, असे लिहिले गेले. ठरावीक सेवेनंतर खेळाडू आपला संघ स्वतः निवडू शकतो. कित्येकांच्या करारात संमतीशिवाय बदली नाही, असे कलम असते. तेथील जनरल मॅनेजर आजही हिशेब करतो, डाव टाकतो, कोणाला सोडतो, कोणाला घेतो. त्याची चतुराई कमी झालेली नाही आणि खेळ बुडालेला नाही. फरक एवढाच की ज्या पटावर तो खेळतो तो आखताना खेळाडूंचीही सही झालेली असते.

हा वाटा भांडवलदारांच्या उदारतेतून आला नाही. अमेरिकेतील बेसबॉलपटू कर्ट फ्लड याने १९६९ साली आपली बदली नाकारली. तो न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याची कारकीर्द संपली. परंतु संघटनेने लढा सोडला नाही, आणि १९७५ च्या अखेरीस लवादाने खेळाडूला एकाच मालकाशी बांधणारी ती पद्धत मोडून काढली. युरोपात १९९५ साली बॉसमन या बेल्जियन फुटबॉलपटूने करार संपल्यावर मोकळे होण्याचा हक्क मिळवला. प्रत्येक वेळी मालकांनी हेच सांगितले होते की असे झाल्यास खेळ संपेल. खेळ संपला नाही.

आपल्याकडे मात्र खेळत्या क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना आजही नाही. २०१९ साली स्थापन झालेली संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. तिचे काम उपयुक्त असले तरी जो आज मैदानावर आहे त्याच्या वतीने ती सौदा करू शकत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळल्याबद्दल मंडळाने वेंगसरकर, कपिल देव यांच्यासह काही खेळाडूंवर बंदी घातली होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि बंदी टिकली नाही. पण त्या एकजुटीतून कायमची संघटना उभी राहिली नाही, ही संधी हुकली. तेव्हा खेळाडूंच्या वाट्याला फार थोडे येत होते. आता वरच्या थराला भरपूर मिळते, आणि म्हणून वरचा थर गप्प आहे. खालच्या थराला बोलण्याची सोय नाही, कारण बोलणाऱ्याचे नाव पुढच्या यादीत नसले तर त्याचे कारण कोणी सांगणार नाही.

लिलावाला गुलामांच्या बाजाराची उपमा देण्याची एक पद्धत पडली आहे. ती उपमा भडक आहे, आणि अन्याय झाकणारीही आहे. कारण खेळाडू स्वेच्छेने नाव नोंदवतो एवढे म्हटले की ती कोसळते. तुलना करायचीच तर नव्या मुंबईतल्या कोणत्याही मजूर नाक्याशी करावी. सकाळी नाक्यावर उभा राहिलेला गवंडी मुकादमाला म्हणू शकतो, ‘आठशेत येणार नाही, हजार द्या’. काम लांब असेल तर नकार देऊ शकतो. लिलावात नाव आलेली मुलगी यांपैकी काहीही करू शकत नाही. भांडुपची जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईच्या मैदानांवर वाढली. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी उपांत्य सामन्यात नेरूळलाच तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या. लीगमध्ये ती दिल्लीकडून खेळते. दिल्लीने तिला चांगले वागवले असेल, तिलाही ते शहर आवडत असेल. परंतु २०२३ च्या लिलावात तिने मुंबई की दिल्ली हे निवडले नव्हते. ते तिच्यासाठी निवडले गेले.

मग करायचे काय? याचे उत्तर परदेशात शोधण्याचीही गरज नाही. नेरूळच्या मैदानापासून काही कोसांवर वाशीची घाऊक बाजारपेठ आहे. तेथे रोज कांदा-बटाट्याचा भाव ठरतो, आणि गोण्या पाठीवर वाहणारा माथाडी कामगार तेथेच उभा असतो. मालाचा लिलाव होतो. माथाड्याच्या मजुरीचा होत नाही. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केले, १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, आणि मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींची त्रिपक्षीय मंडळे आली. मजुरीचे दर वाटाघाटीने ठरू लागले. भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना यांची तरतूद झाली. त्या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, ते दूर करावेत. पण असंघटित, रोज नव्या मालकाकडे राबणाऱ्या माणसाला संरक्षण देता येत नाही, हे म्हणणे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच खोटे ठरवले आहे.

तेच तत्त्व खेळाला लावावे. खेळत्या स्त्री-पुरुष खेळाडूंनी, देशांतर्गत खेळणाऱ्यांना बरोबर घेऊन, स्वतःची संघटना नोंदवावी आणि मंडळाने तिला मान्यता द्यावी. खर्चाची मर्यादा मंडळ आणि मालक यांच्या बैठकीत नव्हे, तर या संघटनेशी झालेल्या कराराने ठरावी, आणि ती उत्पन्नाच्या निश्चित हिश्श्याशी जोडलेली असावी. ठरावीक मोसम खेळलेल्या खेळाडूला संघ निवडण्याची मोकळीक असावी, संमतीशिवाय अदलाबदल होऊ नये, आणि दुखापतीच्या काळात करार तोडता येऊ नये. यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. तुर्भ्याच्या कारखान्यातील कोणत्याही युनियनच्या मागणीपत्रकात याहून कडक कलमे सापडतील.

संघबांधणी करणाऱ्या चतुर मंडळींनाही यात भिण्यासारखे काही नाही. त्यांची पारख, त्यांचे आडाखे, त्यांची संगणकावरील गणिते कायम राहतील. फक्त खेळाडूला ‘घेताना’ त्यांना तिच्याशी बोलावे लागेल, तिला आपला संघ का हवा हे पटवून द्यावे लागेल. सर्वोत्तम संघ असाच बांधला जातो, असे मला वाटते.

याची सुरुवात वरच्या थराने करावी लागेल, कारण ज्याचे नाव यादीतून वगळणे परवडत नाही, त्यालाच प्रथम बोलता येते. विश्वचषक जिंकणाऱ्या त्या मुलींच्या शब्दाला आज वजन आहे, आणि क्रीडाक्षेत्रात असे वजन फार वर्षे टिकत नाही. पुढचा लिलाव होण्यापूर्वी त्यांनी एकत्र बसावे. बसायला जागा हवी असेल, तर वाशीच्या माथाड्यांचे दार त्यांना बंद असणार नाही.